गहू सोडला, पण पीठ सुटलं नाही: ग्लूटेनमुक्त आहाराच्या पहिल्या महिन्यांतल्या चुका

मला सिलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) निघाल्याला नऊ वर्षं झाली. नात्यात किंवा सोसायटीत कुणाचा तसा रिपोर्ट आला की फोन माझ्याकडे येतो, आणि वाक्यही ठरलेलं असतं. "ताई, पोळी बंद, ब्रेड बंद, महिना झाला, फरक नाही." मी विचारते, दळण कुठून आणता? पलीकडे शांतता.

दळणाकडे येतेच, पण त्याआधी ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांना हात जोडून सांगते: तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. कुणीतरी सांगतं आणि माणूस स्वतःच गहू बंद करतो, बरं वाटायला लागतं आणि मग डॉक्टरकडे जातो. रक्तातली टीटीजी चाचणी गव्हामुळे शरीरात तयार झालेली अँटीबॉडी मोजते. गहू बंद केला की तीही उतरते. मग रिपोर्ट चांगला येतो, पण तो खरा नसतो. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे रोज पोळी खा, मग पुन्हा रक्त तपासू, गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊ. नुकतंच कुठे पोट शांत झालेला माणूस पुन्हा पोळी खायला तयार होत नाही, आणि नक्की काय आहे ते कधीच कळत नाही. आयुष्यभराचं पथ्य अंदाजावर कशाला करायचं?

गिरणी

माझं हिमोग्लोबिन सातच्या वर जात नव्हतं. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी करायला सांगितली आणि कारण सापडलं. मी त्या दिवसापासून गव्हाला शिवले नाही. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, वरण-भात, कधी तांदळाची उकड. सहा महिन्यांनी पुन्हा टीटीजी केली तर जेमतेम उतरलेली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाहेर काही खाता का?" घरी आल्यावर नवऱ्यानेही तेच विचारलं, जरा जपून. त्या रात्री मी जेवले नाही.

मी एरवी सकाळी गिरणीत डबा ठेवायचे आणि संध्याकाळी उचलायचे. एकदा पाऊस कोसळत होता म्हणून तिथेच थांबले. त्या दिवशी दळण नाचणीचं होतं. काकांनी नाचणी वर ओतली, खालच्या कापडी नळीतून पीठ पडायला लागलं आणि ते पांढरं होतं. चांगलं दोन-तीन मुठी पांढरं, मग करडं, मग कुठे नाचणीचा रंग आला. मी बघतच राहिले. काका म्हणाले, "गव्हावर टाकलंय ना, म्हणून पहिलं पांढरं येतं. मूठभर गव्हानं काय होतंय ताई? उलट भाकरी छान थापली जाते." ज्वारीचं पीठ पांढरंच, त्यामुळे इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मूठभर गव्हानं काय होतं याचा हिशोब मग मी घरी मांडला. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं. कणकेचा साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर पाच किलोच्या दळणात एक ग्रॅम कणीक गेली की मर्यादा संपली. एक ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. मूठभर कणीक तीस-चाळीस ग्रॅम तरी भरते. मी सहा महिने इमानदारीने गव्हाची भाकरी खात होते म्हणायला हरकत नाही.

"आमचा गिरणीवाला ज्वारीवरच ज्वारी टाकतो" असं सांगू नका. त्या ज्वारीच्या आधी काय होतं? पहिलं पीठ बाजूला काढूनही भागत नाही, जात्यात आणि नळीत ते बसलेलं असतंच. मी स्वतःची घरघंटी घेतली. तिच्यात गहू गेलेला नाही, जाणार नाही. नवी घेणार असाल तर दुकानदार चालवून दाखवायला तिच्यात गहू दळत नाही ना, तेवढं बघा. घरघंटी येईपर्यंत सरळ भातावर राहा, किंवा ग्लूटेनमुक्त लिहिलेलं बंद पाकीट आणा. ज्वारी ताटात पसरून निवडा, गव्हाचे चार-दोन दाणे निघतातच. आणि महिन्याचं दळण एकदम करू नका. पिठाची विरी गेली की भाकरी चिरते, मग बायका वैतागून त्यात "चिमूटभरच" कणीक मिसळतात. थोडं दळा, पीठ गरम पाण्यात भिजवा, चांगलं मळा. दोन-चार भाकऱ्या तव्यावर फाटतील, फाटू देत.

स्वयंपाकघर

चाळणी वेगळी करा, आजच. कणकेची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. माझ्या चाळणीला मी लाल दोरा बांधलाय, पाहुण्या बाईलाही कळतं. आमच्याकडे भाकऱ्या आधी होतात, मग ओटा पुसून माझं ताट झाकायचं आणि त्यानंतर पोळ्या, कारण लाटताना पिठी उडते. माझे डबे वरच्या फळीवर आणि कणकेचा सगळ्यात खाली. पीठ वरून खाली सांडतं, खालून वर नाही.

आणि घरातले जुने विश्वासू तपासा. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठावर बांधलेला मिळतो, पाकीट उलटं करून वाचा. (मी फोडणीत लसूण घालून मोकळी होते.) मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी असतो. सातूच्या पिठात गहू नाहीतर जव असतात आणि दोन्ही चालत नाहीत. कुरडई गव्हाच्या चिकाची, हे सांगितलं की लोक दचकतात. उडदाचा पापड आणि कुरडई एकाच ताटात येतात म्हणून त्या एकाच जातीच्या होत नाहीत.

खपलीचं मात्र मला आता ऐकवत नाही. "खपली चालते हो, आमच्या ओळखीतल्या बाई खातात, जुनं धान्य आहे, त्यात ग्लूटेन नसतं." असतं. खपली हा गहूच आहे. साताऱ्या-सांगलीचा असो, सेंद्रिय असो, दीडशे रुपये किलो असो. मधुमेहवाल्यांनी त्याचं काय करायचं ते करावं, सिलिअ‍ॅकवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रसाद

सगळ्यात अवघड जागा ही. सत्यनारायणाचा शिरा, सव्वा मापाचा रवा, वर केळ्याचा काप. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे आपल्या हाडात मुरलेलं. पहिल्या वर्षी चुलत सासूबाईंकडे मी नाही म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "देवाचं आहे, देव बघून घेईल." मी सुपारीएवढा खाल्ला. रात्री बाथरूमचा दिवा किती वेळा लागला ते मोजलं नाही. पुढचे चार दिवस ताकभातावर काढले.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. तीर्थ घेते, द्रोण हातात घेऊन कपाळाला लावते, शेजारच्या पोराला देते आणि शिऱ्याला न लागलेलं एक केळं मागून खाते. कारण सांगत बसत नाही. पूजेआधी यजमानीणबाईंना फोन करते, ते जास्त कामाचं. गेल्या वर्षी त्याच सासूबाईंनी माझ्यासाठी राजगिऱ्याचा शिरा वेगळ्या कढईत केला होता. साखर जास्त झाली होती, सगळा खाल्ला.

बाकीचं पटापट. ज्या तेलात समोसा किंवा पुरी तळली त्यात तळलेला साबुदाणा वडाही नको. ओट्स ग्लूटेनमुक्त लिहिलेले नसतील तर नको. माल्ट म्हणजे बहुधा जव, त्यामुळे दुधात घालायच्या पावडरी बघून घ्या, बिअरही गेली. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणजे गाडीवरचा फ्राइड राइसही गेला. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका, आतडं सुधारलं की बहुतेकांना पुन्हा चालतं, तोवर ताक-दही. रोज साबुदाण्याची खिचडी नको, तिच्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. लोह, बी-12, ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.

महागडी ग्लूटेनमुक्त बिस्किटं पहिल्याच आठवड्यात आणायला धावणाऱ्यांना मी ओळखून असते. ज्यांच्याकडे भाकरी, घावन, आंबोळी, पोहे, वरईचा भात आहे, त्यांनी तीनशे रुपयांच्या भुसभुशीत बिस्किटापासून सुरुवात का करावी? जिभेला बिस्किटाची आठवण राहते, खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्या महिन्यात "हे पथ्य परवडत नाही" म्हणून पोळी परत येते.

दुसरे घाईवाले याच्या उलट. पंधरा दिवसांत पोट हलकं होतं आणि त्यांना वाटतं, झालं. मग लग्नात एक पुरी, काही झालं नाही, मग दोन. पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असं नसतं. मोठ्या माणसाचं आतडं पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा, तो आकडा तुमच्या पोटापेक्षा खरं बोलतो. घरघंटी आल्यानंतर पाचव्या महिन्यात माझा आकडा निम्म्याखाली आला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

आणि सख्खे भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं यांचीही टीटीजी करून घ्या, त्रास नसला तरी. हा आजार घराण्यात फिरतो. माझ्या मुलीची दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. ती अजून पोळी खाते, खालच्या फळीवरच्या डब्यातल्या कणकेची.