कोंबडी लंगडतेय? आधी तळवा बघा

आमची काबरी दाणे टाकले की सगळ्यात पुढे धावणारी, आणि त्या दिवशी सगळ्यात शेवटी आली, तीही एका पायावर टुणटुण करत. खरंतर दोन-तीन दिवस ती एक पाय पोटाशी घेऊन उभी दिसत होती, पण कोंबड्या आरामातही तशा उभ्या राहतात म्हणून मी काही मनावर घेतलं नाही, तिथेच चुकलो. शेजारच्या काकूंनी लगेच सल्ला दिला, "वडे कर हो, आणि काय". वडे केले नाहीत, कोंबडी बरी केली. कशी, ते सांगतो.

दिवसा अंगणभर मागे धावून पकडू नका, दुखऱ्या पायावर पळून ती अजून लंगडेल. अंधार पडला, सगळ्या खुराड्यात बसल्या की हळूच उचलायची, अंधारात कोंबडी अगदी गरीब असते. जुन्या टॉवेलात पंख गुंडाळा, डोक्यावर टॉवेलचं टोक घ्या, पाय तेवढा बाहेर. एक लक्षात ठेवा, छाती आवळायची नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, ती छातीचं हाड हलवून श्वास घेते, घट्ट धरली की गुदमरते. एकाने मांडीवर धरायची आणि दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च मारून बघायचं, एकट्याने हे जमत नाही, मी करून बघितलंय आणि शर्टाची वाट लावून घेतलीय.

आता बघायचं काय? पहिलं तळवा, मग बोटांच्या बेचक्या, मग वर गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय शेजारी धरून, कारण सूज आणि गरमपणा दुसऱ्या पायाशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. बेचकीत केस, शिलाईचा दोरा, मांजा अडकलेला असतो आणि तो मातीने माखल्यामुळे पटकन दिसतच नाही, पण बोट सुजून काळं-निळं पडलेलं असतं. असं असेल तर पाय कोमट पाण्यात भिजवून बारीक कात्रीने दोरा कापून काढायचा, ओढायचा नाही. काटा दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. आणि तळव्याच्या मधोमध मसुराएवढी काळी, कडक खपली आणि भोवती फुगलेलं असेल तर ते बंबलफूट. काबरीला हेच होतं. तळव्याला छोटीशी जखम होते, त्यातून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, आणि आत पू साठतो. कोंबडीचा पू माणसासारखा पातळ नसतो, घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा असतो, त्यामुळे दाबून बाहेर येत नाही, उगाच दाबत बसू नका. हे जंतू आपल्यालाही त्रास देतात, म्हणून हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

मग धुणं. टबात कोमट पाणी, आपल्या कोपराला सोसेल इतपतच, लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मेडिकलमध्ये मिळतं, नसेल तर नुसतं कोमट पाणीही चालतं), आणि कोंबडीला त्यात दहा-पंधरा मिनिटं उभी करायची. हे पाणी तिला पिऊ द्यायचं नाही, जुलाब होतात. काबरीला दुसऱ्या मिनिटाला डुलकी लागली, खोटं नाही सांगत, डोळे मिटून मान खाली. मग जुन्या मऊ टूथब्रशने घाण काढा, पाय कोरडा पुसा, बेटाडिन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. आजी हळद-खोबरेल लावायची, वरवरच्या खरचटण्याला त्याने बिघडत नाही, पण चुना, तंबाखू, रॉकेल असलं काही जखमेत भरू नका, जखम बरी व्हायची सोडून कातडी जळते.

व्हिडिओ बघून ब्लेडने गाठ कोरायला बसू नका हं. माझं मत स्पष्ट आहे, तळव्यात रक्तवाहिन्या आणि शिरा अगदी जवळजवळ असतात, भूल न देता कोरणं म्हणजे छळ आहे. रोज भिजवून खपली स्वतःहून सैल झाली तर निघू दे, नाहीतर ते काम डॉक्टरचं.

पट्टी अशी: तळव्यावर गॉजची दुमडलेली घडी, त्यावरून बोटभर रुंदीची पट्टी बोटांच्या मधून घ्यायची आणि टाचेच्या वर एक-दोन वेढे, शेवटी चिकटपट्टी. बोटं मोकळी दिसली पाहिजेत. अर्ध्या तासाने हात लावून बघा, बोटं गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झालीय, सोडून परत बांधा. रोज बदला, जखम सुकत आली की दिवसाआड. आणि पावसाळ्यात ओली पट्टी म्हणजे पट्टी नसण्यापेक्षा वाईट, चिखल लागला की लगेच काढायची. उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडतात, म्हणून पावसात दिवसातून दोनदा बघा.

हे सगळं करून तिला परत बाकीच्यांत सोडलं तर काही उपयोग नाही. रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर कोंबड्या टोचून टोचून जखम मोठी करतात. वेगळी ठेवा, पण जाळीतून बाकीच्या दिसतील अशी, नाहीतर परत आल्यावर तिला परकी समजून मारतात. खाली भाताचं तूस किंवा भुसा, चांगला चार बोटं जाड आणि कोरडा, नुसता पेपर नको, घसरतो. रात्री बसायची दांडी काढून टाका, दाणा-पाणी चोचीसमोर. चार-पाच दिवसांत पाय टेकायला लागते, बंबलफूट असेल तर दोन-तीन आठवडे धरून चला.

डॉक्टरकडे कधी? सूज वर पायात चढली, कोंबडी खात नाही, हाड मोडल्यासारखा पाय लोंबतोय, किंवा तीन-चार दिवसांत फरक नाही, तर थांबू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्याही बघतात, आणि 1962 या टोल फ्री नंबरवर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. आपली पेनकिलर मनाने देऊ नका. डायक्लोफिनॅकने गिधाडं मेली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, ते औषध पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहे. डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या. आणि एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, एक पाय पुढे एक मागे ताणून बसली असेल, तळवा मात्र साफ, तर ती जखम नाही, मरेक्स हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग असू शकतो, तिला लगेच वेगळी करून डॉक्टरला दाखवा.

बरं, मुळात झालं कशाने? आमच्याकडे दांडी चार फूट उंच आणि खाली जांभ्याचा खरखरीत दगड, रोज सकाळी त्यावर धप्पकन उडी. गिरिराज, वनराजासारख्या जड जातीच्या कोंबड्यांना तर हा त्रास जास्तच. आता दांडी दीड फुटावर आणलीय, कडा घासून गोल केल्यात, खाली तूस पसरतो, ओलं झालं की बदलतो. वीस दिवसांनी काबरीला रात्रीच दांडीवर नेऊन बसवली, म्हणजे सकाळी बाकीच्यांना कळायच्या आत ती तिथे होती. तरी तांबडीने एक चोच मारलीच. काबरीने दोन मारल्या.