आधी काय दिसलं ते लिहा

बालवर्गाच्या शिक्षिकांना मार्गदर्शन करायला नव्याने लागलेले बहुतेक जण फसतात ते वर्ग बघताना लिहायच्या नोंदवहीत. ‘मुलं कंटाळली होती’ ही नोंद नव्हे, हा निकाल झाला. नोंद अशी हवी: ‘10:12. शिक्षिकेने विचारलं, पाणी कुठे गेलं? लगेच उत्तरही स्वतःच दिलं. खिडकीजवळचा मुलगा स्पंजकडे बोट दाखवत होता.’ पहिलं वाक्य वाचून शिक्षिका स्वतःची बाजू मांडू लागते. दुसरं वाचून तीच म्हणते, ‘अगंबाई, त्याला कळलं होतं की!’ तुम्हाला काही सांगावंच लागत नाही.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं-ऐकलं तेवढंच. उजवी बाजू तुमच्या मतांसाठी, पण वर्गात असेपर्यंत ती कोरी. नंतर डावीकडची विशेषणं खोडा, ‘नेहमी’, ‘अजिबात’ही खोडा. आणि ‘छान’सुद्धा! कौतुक हेही मतच. नेमकं काय छान झालं ते कळलं नाही, तर ती उद्या पुन्हा काय करणार? सुरुवातीला डावीकडे मतं घुसतीलच. घाबरू नका, हात हळूहळू बसतो.

पंधरा मिनिटांचं निरीक्षण पुरे. चर्चा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. त्यानंतर तपशील विरतात. सुरुवात ‘तुमच्या काय लक्षात आलं?’ इथून करा आणि मग गप्प बसा. शेवटी बदल एकच ठरवा. वरच्या नोंदीतून निघेल तो असा: प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांवर हेच दाखवलं होतं. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात.

तयार चेकलिस्टवर माझा विश्वास नाही. खुणा भराभर होतात, बोलायला काही उरत नाही. वर्ग हातात घेऊन ‘असं करायचं’ दाखवणारे मार्गदर्शक तर त्याहून वाईट. ‘हे आपल्याला जमायचं नाही’ एवढंच शिक्षिका शिकते.

नोंदी मूल्यमापनासाठी वरिष्ठांकडे जाऊ देऊ नका. एकदा गेल्या की पुढच्या चर्चेत खरं कोणी बोलणार नाही. व्हिडिओ घ्यायचा तर पालकांची परवानगी आधी. पाच मिनिटांचाच घ्या, आणि तो शिक्षिकेला आधी एकटीने बघू द्या. पहिल्यांदा ती फक्त स्वतःचा आवाज आणि केस बघते. कामाचं बोलणं दुसऱ्यांदा पाहिल्यावर.