डिसेंबरची बैठक: १२ मित्रांसाठी भरीत-भाकरी, रस्सा आणि वाईन

नाताळ ते थर्टी फर्स्ट या आठवड्यात नाशिकच्या बऱ्याच घरांत मित्रमंडळी जमतात आणि हमखास एकच प्रकार होतो: पाहुणे हॉलमध्ये रंगात आलेले आणि यजमान ओट्याशी अडकलेले. पदार्थ कितीही असोत, घोळ होतो तो कामाच्या क्रमात. बेल वाजेल तेव्हा फोडणी देणं, गरम करणं आणि भाकऱ्या भाजणं एवढंच उरलेलं असावं. खालचा बेत त्या हिशेबाने, साडेसातच्या बैठकीसाठी.

चार दिवस आधी प्रत्येकाला एक मेसेज टाका आणि तीन गोष्टी विचारा: मटण चालतं का, कांदा-लसूण चालतो का, घ्यायला काय आवडेल. मार्गशीर्षातले गुरुवार कधी कधी डिसेंबरअखेरपर्यंत येतात. त्या दिवशी बैठक असेल तर मटण रद्दच करा. अर्धी मंडळी खाणार नाहीत आणि उरलेल्यांना अवघडल्यासारखं होईल. कोणी जैन असेल तर त्यांच्यासाठी भरतात लसूण आणि पात न घालता फक्त मिरची-शेंगदाण्याची वेगळी फोडणी द्या. पण वांगंही चालतं ना, हे आधी विचारा.

मुख्य पदार्थ भरीतच का? थंडीतली वांगी सर्वात चवदार असतात आणि चंपाषष्ठी झाली की ज्यांनी चातुर्मासात वांगं सोडलेलं असतं तेही खायला मोकळे होतात. शिवाय भरीत तीन तास आधी करून ठेवलं तरी बिघडत नाही. बैठकीच्या जेवणाला हा गुण फार मोलाचा.

१२ जणांना ३ किलो वांगी लागतात. भाजून, सोलून साधारण २ किलो गर हाती येतो. बाजारात जळगावकडची मोठी, पोपटी भरताची वांगी मागा. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बी जास्त असते आणि भरीत कडवट होतं. देठ हिरवा आणि साल तकतकीत हवी. किडकं नाही ना हे बघायला देठाजवळचं भोक शोधा.

भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीने चार-पाच टोचे मारा आणि तेलाचा हात फिरवा. टोचे मारले नाहीत तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर बर्नरमध्ये जातो. शेतावर तुराट्यांवर भाजतात ती चव गॅसला येत नाही, पण कोळशाची शेगडी असेल तर ती बरीच जवळ जाते. गॅसवर मध्यम आचेवर एक वांगं १२ ते १५ मिनिटं घेतं. दोन बर्नरवर दोन-दोन लावली तर सगळी व्हायला पाऊण तास लागतो, म्हणून हे काम दुपारी चारला. साल सगळीकडून काळी पडून वांगं बसलं की ताटलीखाली १० मिनिटं झाका. साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नका, धुराचा वास पाण्याबरोबर जातो.

सोललेला गर चाळणीत १० मिनिटं निथळत ठेवा. भरीत पाणचट होण्याचं पहिलं कारण हे पाणी आणि दुसरं कारण आधीच घातलेलं मीठ. मीठ अगदी शेवटी. गर मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या जाऊन चिकट लगदा होतो. लाकडी मुसळीने किंवा रवीच्या मागच्या बाजूने ठेचा. कमी तिखट पोपटी मिरच्या १०० ग्रॅम आणि लसणाचे दोन गड्डे तव्यावर भाजून जाडसर कुटून ठेवा. कांद्याची पात एक जुडी, शेंगदाणे एक वाटी, कोथिंबीर. हे सगळं डब्यात भरून ठेवलं की रात्री साडेआठला फक्त फोडणी: पाऊण वाटी तेल, शेंगदाणे लाल होईपर्यंत, मग मिरची-लसूण, मग पात, मग गर, पाच मिनिटं परतून मीठ.

मटण खाणारे सात असतील तर हाडासकट दीड किलो पुरतं. रस्सा सकाळीच करा, मुरतो. अर्धा किलो कांदा आणि १५० ग्रॅम सुकं खोबरं वेगवेगळं भाजा. खोबरं आधी लाल होतं, एकत्र भाजलं तर ते जळतं आणि त्या कडूपणाला उपाय नाही. वाटण झालं की त्यातलं एक तृतीयांश शाकाहारी मंडळींच्या शेवभाजीसाठी आधीच बाजूला काढा, पातेलं आणि डावही वेगळे. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरला शिजवा, मग वाटण आणि काळा मसाला तेल सुटेपर्यंत परता आणि आधण आलेलं पाणीच घाला. गार पाण्याने तर्री धरत नाही. पातेलं कोमट झालं की फ्रीजमध्ये, दिवसभर ओट्यावर नको. संध्याकाळी वर चरबी थिजलेली दिसेल, ती काढू नका. खळखळून उकळी आली की तीच तर्री होऊन वर येते. शेवभाजीत शेव मात्र वाढताना. पाच मिनिटं आधी घातली तरी तिचा गोळा होतो.

खरी अडचण भाकरीची. माणशी दोन धरल्या तर २४ भाकऱ्या, म्हणजे बाजरीचं जवळपास दोन किलो पीठ आणि तव्यापाशी दीड तास. दोन तवे आणि दोन माणसं असतील तरच घरी करा. नाहीतर पोळी-भाकरी केंद्राला किंवा बचत गटाला दोन दिवस आधी सांगून ठेवा, यात कमीपणा काहीच नाही. पीठ आठवड्याच्या आत दळलेलं हवं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे जुनं पीठ कडू लागतं आणि भाकरी थापताना चिरते. तयार भाकऱ्या पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेवा, बंद डब्यात वाफेने ओल्या होतात.

चकण्याला तळण नकोच. नाशिकचा चिवडा ६०० ग्रॅम, वर बारीक कांदा आणि लिंबू, पण पिळायचं ते वाटीत घेतल्यावर. सोबत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा दीड किलो. या दिवसांत त्या भरपूर मिळतात, आणि सोलत खाताना माणूस सावकाश पितो. कोथिंबीर वडी सकाळी उकडून ठेवा, संध्याकाळी तव्यावर परता.

वाईनच्या ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. घेणारे सहा असतील तर चार बाटल्या पुरतात. दोन शेनिन ब्लाँ (व्हाईट), एक स्पार्कलिंग (फसफसणारी), एक शिराझ (रेड). काळ्या मसाल्यापुढे भारी रेड उघडू नका. तिच्यातला तुरटपणा तिखट आणखी भडकवतो. किंचित गोडसर शेनिन रस्स्याबरोबर छान जाते. शिराझ कोथिंबीर वडीबरोबर आधीच संपवा. व्हाईट ८ ते १० अंशांवर, रेड १६ ते १८ वर. डिसेंबरच्या रात्री गॅलरीत रेड १५ मिनिटं ठेवली तरी बेताची होते. ऐनवेळी बाटली गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. वीस मिनिटांत काम होतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते. स्पार्कलिंग उघडताना बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. बूच उडवलं तर निम्मी वाईन फरशीवर.

महाराष्ट्रात घरी प्यायलाही परवाना लागतो, दुकानातच एक दिवसाचा मिळतो. बिअरसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५ पूर्ण हवं.

न घेणाऱ्यांच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली देऊन मोकळं होऊ नका. त्यांच्यासाठीही खास काही करा. एक किलो पिकले पेरू एक लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा, कुस्करून गाळा, दीडशे ग्रॅम साखर, चार लिंबं आणि काळं मीठ घाला. गार करून, ग्लासच्या कडेला तिखट-मीठ लावून, थोडा सोडा घालून द्या. ग्लास मात्र वाईनचेच.

खाणं पहिल्या ग्लासाबरोबरच समोर यायला हवं आणि जेवण साडेनऊला. उशीर केला तर लोक चिवड्यावर पोट भरतात आणि रिकाम्या पोटी चढते ती वेगळीच. प्रत्येकाजवळ पाण्याचा तांब्या ठेवा. दहानंतर आवाज घरातच राहील इतका ठेवा, शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

गाडी कोण चालवणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि थर्टी फर्स्टला शहरात जागोजागी नाकाबंदी असते. मध्यरात्री कॅब मिळणं कठीण, म्हणून परतीची सोय आधी करा किंवा दोन गाद्या काढून ठेवा. उरलेली व्हाईट बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच संपवा. उरलेला रस्सा झोपण्याआधी फ्रीजमध्ये गेला पाहिजे.