ड्रम स्मोकरसाठी कोळशाची टोपली घरी कशी बनवावी

ड्रम स्मोकर म्हणजे कोळशाच्या धुरावर आणि मंद आचेवर मांस वगैरे शिजवण्यासाठी लोखंडी पिंपाची केलेली भट्टी. तिच्या तळाशी पेटता कोळसा जाळीच्या टोपलीत ठेवतात. २०० लिटरच्या पिंपाचा आतील व्यास सुमारे ५७ सेंमी असतो. त्यासाठी टोपली ४० सेंमी व्यासाची आणि २५ सेंमी उंचीची करावी, म्हणजे चहूबाजूंनी आठ सेंमीहून थोडी अधिक जागा मोकळी राहते.

इंदूरच्या लोहा मंडीत एक्सपांडेड जाळी, म्हणजे पत्र्याला चिरा देऊन आणि तो ताणून केलेली जाळी, मिळते. सुमारे २ मिमी जाडीची, २० मिमी भोकांची काळी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मुलामा नसलेले साधे पोलाद) जाळी घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली चकचकीत जीआय जाळी कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नये. ‘एकदा तापवली की मुलामा जळून जातो’ हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो धोकादायक आहे. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते, पेटलेले निखारे त्याहून कितीतरी अधिक तापतात आणि जस्ताचा धूर श्वासातून गेल्यास तापासारखा आजार होतो.

आता खरी कसोटी, म्हणजे पट्टी गोल वळवणे. ४० सेंमी व्यासाचा परीघ १२५.७ सेंमी होतो. त्यात सांध्यासाठी ५ सेंमी मिळवून १३१ सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद पट्टी कापून घ्यावी. कापण्यापूर्वी जाळीतील शंकरपाळ्याच्या आकाराची भोके नीट पाहावीत. त्यांचा लांब कर्ण टोपलीच्या उंचीच्या दिशेने, म्हणजे उभा यायला हवा. जाळी लांब कर्णाच्या दिशेने ताठ असते आणि आडव्या दिशेने सहज वळते. माझ्या पहिल्या टोपलीत दुकानदाराने पट्टी उलट्या दिशेने कापून दिली होती. दोन माणसांनी जोर लावूनही ती गोल झाली नाही, अंड्यासारखी लांबट राहिली, आणि एका बाजूचे निखारे पिंपाला टेकून बाहेरचा रंग फुगून निघाला. त्यामुळे पट्टी कापताना स्वतः समोर उभे राहावे.

पट्टी वळवण्यासाठी २० लिटरची रंगाची बादली वाळूने भरून तिच्याभोवती ती दोन्ही हातांनी थोडी थोडी दाबत न्यावी. बादलीचा व्यास टोपलीपेक्षा लहान असतो, आणि ते चांगलेच आहे, कारण जाळी सोडली की काही अंशी परत उघडते. ठरलेल्या मापावरच वळवली तर ती नेहमी मोठी राहते. टोकांचे शेवटचे दहा सेंमी हाताने वळत नाहीत, म्हणून ती आधीच लाकडावर ठेवून हातोड्याने वाकवून घ्यावीत. जाड हातमोजे घातल्याशिवाय यातले काहीही करू नये, कारण कापलेल्या जाळीची टोके पात्यासारखी लागतात.

सांधा बांधायला पातळ तार वापरू नये. ती काही वेळा तापल्यावर गंजून तुटते आणि निखारे बाहेर सांडतात. वेल्डर असेल तर उत्तम, नाहीतर मोठ्या वॉशरसह जाळीच्या भोकांतून चार नट-बोल्ट ओढून घट्ट करावेत.

तळाला त्याच जाळीची चकती लावावी. आपल्याकडच्या कोळशात बारीक तुकडे फार असतात, म्हणून तिच्यावर १० मिमी भोकांची दुसरी जाळी ठेवावी. खाली ७ सेंमी उंचीचे चार पाय आणि वर ८ मिमी सळईची कडी लावावी.

पहिल्यांदा टोपली पिंपात न ठेवता उघड्या गच्चीवर कोळसा पेटवून तासभर तापवावी. जाळीवरचे तेल जळून जाते आणि कुठला बोल्ट सैल पडला हेही कळते.