करार होईपर्यंत क्रूला खबर कशी द्यायची

परवा खामल्यातल्या माझ्या घरी दोन मुली आल्या. दोघी विमानात केबिन क्रू, नागपूरच्याच, बेस म्हणजे ड्यूटी सुरू होण्याचं शहर मात्र मुंबई. सुट्टी लागली की विदर्भ एक्सप्रेस पकडून घरी येणाऱ्या. त्यांच्या युनियनची नव्या कराराची बोलणी सुरू होतायत आणि सभासदांना खबर देण्याचं काम कमिटीने या दोघींवर सोपवलंय. "ताई, ग्रुपवर लोक सारखे विचारून राहिले, काय सांगायचं अन् किती सांगायचं?" मी सव्वीस वर्षं केबिन क्रू होते, त्यातली अकरा वर्षं युनियनचं पत्रक लिहिलं. त्या दुपारी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हे काम अंगावर पडणारं माणूस दरवेळी नवं असतं आणि त्याला कोणी काही शिकवत नाही.

कारखान्यात शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून बोललं की बातमी पोचते. क्रूला गेटच नाही. एकजण फ्लाइटवर, फोन बंद. दुसरी हॉटेलात पडदे ओढून झोपलेली. तिसरा स्टँडबायवर, म्हणजे बोलावलं की निघायच्या तयारीत, चौथी प्रसूती रजेवर माहेरी. सगळे सभासद एकाच वेळी जागे आणि मोकळे असतील असा तास चोवीस तासांत सापडत नाही. म्हणून बातमी तुकड्यातुकड्यांनी पसरते, आणि पिकअपच्या गाडीत अर्धवट ऐकलेली गोष्ट ब्रीफिंग रूमपर्यंत पूर्ण सत्य होऊन जाते.

माझे वडील टपाल खात्यात सॉर्टर होते. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली तेव्हा नागपूर तिचं मधलं ठाणं होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. वडील सांगायचे, एक थैली मागे राहिली तर त्या गावाची सगळी पत्रं एक दिवस शिळी. सभासदांना खबर देताना मी तेच डोळ्यांसमोर ठेवत आले: सगळ्या बेसना एकच मजकूर, एकाच वेळी, आणि एकही थैली मागे नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वार आणि वेळ ठरवणं. आमचा मंगळवार होता, रात्री नऊ, भारतीय वेळेनुसार. वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहाच. लेओव्हरवरच्या, म्हणजे दोन उड्डाणांमध्ये परगावी मुक्कामाला असलेल्या माणसाचं घड्याळ वेगळं असतं. बैठक झाली असो वा नसो, मंगळवारी पत्रक निघालंच पाहिजे. काही घडलं नसेल तर तेच लिहा: "या आठवड्यात बैठक झाली नाही. व्यवस्थापनाने तारीख पुढे ढकलली, कारण दिलेलं नाही. पुढची बैठक १४ तारखेला. स्टँडबायचा मुद्दा अजून टेबलावर आलेला नाही." चार वाक्यं पुरतात. ज्या आठवड्यात युनियन गप्प बसते त्याच आठवड्यात 'यांनी आतून मिटवलं' अशी कुजबुज सुरू होते, हे मी तीनदा पाहिलंय.

मजकूर फोनच्या एका पडद्यात मावायला हवा. वाचणारी मुलगी बारा तासांच्या ड्यूटीनंतर हॉटेलच्या बसमध्ये असते, पायातले बूट अजून काढलेले नसतात. सविस्तर कागद वेगळा द्या, ज्याला हवा तो उघडेल. पत्रकाचा ग्रुप एकतर्फी ठेवा, लिहिणारे दोघंच. चर्चेला दुसरा ग्रुप असू द्या, पण अधिकृत गोष्ट तिथे कधीच पहिल्यांदा सांगू नका. आणि कंपनीचा ईमेल किंवा कंपनीने दिलेला टॅब यासाठी अजिबात वापरू नका.

ग्रुपवर टाकलं म्हणजे पोचलं असं समजू नका. प्रत्येक बेसवर वीस-वीस जणांमागे एक माणूस नेमा, फोन करणारा. त्याच्या यादीत रजेवरचे, मेडिकलमुळे ग्राउंड झालेले (उड्डाण बंद असलेले) आणि नुकतेच लागलेले लोक आधी लिहा. ग्रुपमधून हेच गळतात, आणि प्रसूती रजेवरच्या मुलीला तर करारातलं एखादं कलम सगळ्यांत जास्त लागू होणार असतं. शेवटचा फोन होईपर्यंत यादीवर खूण करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा भरवसा यातूनच उभा राहतो.

आता शब्दांबद्दल, आणि इथे माझी चूक सांगते. एका कराराच्या वेळी रात्री दीडला बैठक संपली. समोरचे अधिकारी लेओव्हर भत्त्यावर "बघू, अडचण दिसत नाही" म्हणाले होते. मी आनंदात लिहून टाकलं, 'लेओव्हर भत्ता मान्य'. सकाळपर्यंत चारशे जणांनी वाचलं. दोन दिवसांनी तो आकडा टेबलावरून गायब झाला आणि सभासदांना वाटलं की युनियननेच तो सोडला. एक पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, मला म्हणाली, "मी घरी सांगून बसले होते गं." त्यानंतर मी तीनच शब्द ठरवले: मागितलं, चर्चा झाली, सही झाली. या तिन्हींच्या मधला शब्द, म्हणजे 'जवळपास ठरलं', 'तत्त्वतः मान्य', 'सकारात्मक', पत्रकात येऊ द्यायचा नाही. चूक झालीच तर त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळक अक्षरात, 'गेल्या मंगळवारी आम्ही चुकीचं लिहिलं' असं सुरुवातीलाच लिहा. जुना मेसेज गुपचूप पुसू नका. स्क्रीनशॉट तोवर फिरलेला असतो.

पैशाचं कलम टक्क्यांत सांगू नका, पगाराच्या स्लिपवर सांगा. 'एकूण १५ टक्के वाढ' यातून कुणालाच काही कळत नाही. एक नवी मुलगी, एक दहा वर्षांची सीनियर आणि एक पर्सर, अशा तिघांचा खराखुरा महिना घ्या, नावं काढा, आणि तोच रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) जुन्या आणि नव्या दराने मांडून दाखवा. उड्डाणाचे तास चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, म्हणजे चाकांचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच मोजले तर बोर्डिंगचा वेळ, उशिरामुळे जमिनीवर बसलेला वेळ कुठे जातो, हे तिथेच दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचा क्रू संपावर गेला तो मुख्यतः याच प्रश्नावर, जमिनीवरच्या बिनपगारी कामावर. हा मुद्दा सभासदाला स्वतःच्या स्लिपवर दिसला की मग त्याला भाषणाची गरज राहत नाही.

जुन्या कलमांचा इतिहासही दोन ओळींत द्या. आज लागलेल्या मुलींना ठाऊक नसतं की पहिल्या गरोदरपणात एअर होस्टेसची नोकरी जाण्याचा नियम होता आणि तो १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. एखादं कलम कशासाठी आणि कितीला मिळवलं हे कळलं, तर ते सोडायचं की धरायचं याचं मत माणूस विचार करून देतो.

कायद्याच्या तारखा पत्रकात ठळक ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. संपाची नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, आणि ती नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते. समेटाची कार्यवाही, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोरची तडजोडीची बोलणी, सुरू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा ठरतो. ठरवून एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी घेतलेली किरकोळ रजाही संपातच मोजली जाते. म्हणून चर्चेच्या ग्रुपवर कुणी रागाने 'उद्या सगळे मिळून रजा टाका' लिहिलं, तर त्याला लगेच फोन करा आणि यात धोका कुणाचा आहे ते समजावा. विमान वाहतुकीचं प्रकरण केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातं, राज्याच्या नाही. हेही सांगून ठेवा, नाहीतर लोक भलत्या कचेरीचे उंबरठे झिजवतात.

काही गोष्टी सांगता येत नाहीत. दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायचं कबूल केलेलं असेल, किंवा आपण कुठवर खाली येऊ शकतो तो आकडा असेल, तर 'याबद्दल २० तारखेपर्यंत बोलणार नाही, कारण बोलणीवर परिणाम होईल' असं उघड लिहा. माणसं गुपित सहन करतात, लपवाछपवी नाही. आणि तुमचं प्रत्येक पत्रक दहा मिनिटांत व्यवस्थापनाच्या हातात पडतं हे धरूनच लिहा. बैठकीत समोरच्यांसमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं वाक्य पत्रकात नको. कुणा अधिकाऱ्याबद्दल वाईट शब्द तर नकोच. उद्या त्याच्याच समोर बसायचं असतं.

प्रश्नांसाठी मी शंभर पानी वही ठेवत असे. प्रश्न, विचारणारा, तारीख, उत्तर. उत्तर माहीत नसेल तर 'विचारून गुरुवारी सांगते' म्हणायचं आणि गुरुवारी सांगायचं. एकच प्रश्न पाच जणांनी विचारला की तो पुढच्या पत्रकात वर घ्यायचा. वहीचा दुसरा उपयोग कमिटीला होतो. लोक भत्त्यापेक्षा विश्रांतीच्या तासांबद्दल जास्त विचारतायत हे आम्हाला वहीतूनच कळलं आणि मागण्यांचा क्रम आम्ही बदलला. जुलै २०२५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या क्रूने त्यांच्या युनियनने मान्य केलेला मसुदा ७१ टक्के मतांनी फेटाळला. असं काही होऊ शकतं याची चाहूल टेबलावर बसलेल्यांना मतदानाआधी लागायला हवी, आणि ती खालून वर पोचवणं हेही तुमचंच काम आहे.

मतदानाला किमान दहा दिवस ठेवा, म्हणजे लांबच्या फ्लाइटवरचा माणूस घरी येऊन, झोपून, वाचून मत देईल. 'हो' म्हटलं तर काय होईल हे सगळे सांगतात. 'नाही' म्हटलं तर काय होईल आणि काय होणार नाही, तेही त्याच कागदावर लिहा. एअर कॅनडाच्या क्रूने संप मिटवणाऱ्या करारातला पगाराचा भाग ९९ टक्क्यांहून जास्त मतांनी नाकारला, तरी त्या मतामुळे पुन्हा संप करता येणार नव्हता. पगाराचा वाद मध्यस्थी आणि लवादाकडेच जायचा होता. अशी अट असेल तर ती मतपत्रिकेच्या आधी सभासदाच्या हातात हवी.

सही होईल त्या रात्री पेढ्यांचा फोटो आधी टाकू नका. आधी तीन ओळी: सही झाली, किती वाजता, लागू कधीपासून. मग कराराची पूर्ण प्रत, सगळी पानं, सह्यांसकट. मग यादी काढा आणि फोन सुरू करा. आमच्या वेळी शेवटचा फोन पहाटे पावणेपाचला लागला, दोहाहून नुकत्याच उतरलेल्या एका मुलाला. तो म्हणाला, "ताई, मला अजून कुणीच काही बोललं नव्हतं. तुमच्याकडूनच कळलं." मी त्याच्या नावापुढे खूण केली आणि चहा ठेवला.