जोराच्या पावसानंतर मॉरिशसच्या नैर्ऋत्य भागात पाहुण्यांना फिरवताना

भारतातून येणारे पाहुणे जानेवारी ते मार्च हा काळ पावसापासून सुरक्षित समजून सुट्टी ठरवतात. मॉरिशसमध्ये मात्र याच महिन्यांत उन्हाळा, चक्रीवादळे आणि मुसळधार पाऊस एकत्र येतात. पावसामुळे हॉटेलात अडकलेली मंडळी ऊन पडताच बाहेर पडण्याची घाई करू लागतात, आणि किनाऱ्यावरच्या त्या उन्हावर विसंबायचे की नाही, हे गाडी चालवणाऱ्या यजमानाला किंवा मार्गदर्शकाला ठरवावे लागते. माझ्या मते विसंबू नये. आग्नेयेकडून येणारे वारे आपले बाष्प मध्यवर्ती पठारावर सोडतात, त्यामुळे पठाराच्या माथ्यावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्याला जेमतेम ९०० मिलिमीटर मिळतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस असताना वाईला ऊन पडलेले असते, हे उदाहरण दिले की मराठी पाहुण्यांना ही गोष्ट लगेच पटते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवरून आकाश पाहून सहल ठरवू नये. पठारावरील क्युरपिप किंवा वाक्वा भागातील एखाद्या परिचिताला सकाळी फोन करून तिथे धुके आहे का, पाऊस सुरू आहे का, हे विचारून घ्यावे.

त्याआधी हवामान खात्याचे ताजे निवेदन ऐकावे. चक्रीवादळाचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा लागू असेल, तर सहलीचा विषय तिथेच संपतो. इशारा मागे घेतल्यावरही राजधानी पोर्ट लुईबाबत सावध राहावे, कारण डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या शहरात पाणी फार झपाट्याने चढते. ३० मार्च २०१३ रोजी तिथे आलेल्या पुरात ११ जणांचा मृत्यू झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी रस्त्यांवरच्या मोटारी वाहून गेल्या. पाहुणे उत्तरेला ग्रँड बे भागात उतरले असतील, तर दक्षिणेकडे येण्याचा नेहमीचा रस्ता याच शहरातून जातो, याचा विचार आधी करावा.

मार्गाचा निर्णय पठाराच्या स्थितीवर सोपवावा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग पुन्हा जमतात, म्हणून सकाळी वरचे आकाश मोकळे असेल, तर आधी क्युरपिपचे त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे विवर, मग गंगा तलाव हे हिंदूंचे तीर्थ, पुढे प्लेन शॅम्पेनच्या रस्त्यावरील ब्लॅक रिव्हर दऱ्यांचे दर्शनस्थळ आणि दुपारच्या आत धबधबा आणि सप्तरंगी माती असलेले शामारेल, असा क्रम ठेवावा. पठार ढगांत असेल, तर ते सरळ वगळावे आणि पश्चिम किनाऱ्यावरील काझ नोयालहून घाट चढून केवळ शामारेलला जाऊन यावे. दऱ्यांच्या कठड्याशी उभे राहून पांढऱ्या धुक्याचे फोटो काढण्यात कोणालाच आनंद नसतो, आणि त्या अरुंद, वळणांच्या रस्त्यावर समोरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. शामारेलहून काझ नोयालकडे उतरताना रस्ता ओला असेल, तर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेक दाबत राहू नये, आणि वळणापलीकडे दगड, माती किंवा पडलेली फांदी असणारच, असे गृहीत धरून उतरावे. ज्यांना घाटात मळमळते, त्यांना पुढे बसवावे.

गंगा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस कावडी घेतलेल्या पदयात्रींची रीघ लागलेली असते. त्या दिवसांत, विशेषतः पावसात, तिकडे केवळ पर्यटनासाठी गाडी नेऊ नये. एरवीही तलावाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाहुण्यांना पाण्याला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा वयस्कर मंडळींचा हात कोण धरणार, हे गाडीतच ठरवून घ्यावे. माकडे प्रसाद हातातून हिसकावून नेतात.

शामारेलचा धबधबा पावसानंतरच खऱ्या अर्थाने भरतो, आणि सहल रद्द न करण्याचे हे एकमेव भक्कम कारण आहे. पाणी मात्र गढूळ, तांबूस असते, याची कल्पना आधी दिली की हिरमोड होत नाही. तो ठरलेल्या कठड्यावरूनच पाहावा. खाली उतरण्याचा हट्ट कोणी केला तरी मानू नये, कारण पठारावर पडलेल्या सरीचे पाणी खाली लख्ख ऊन असतानाही अचानक येऊ शकते. याच कारणाने टॅमरिंड धबधब्यांची पायवाट पावसानंतर वर्ज्य समजावी. शामारेलच्या सप्तरंगी मातीचे रंग लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे आलेले आहेत, आणि ते खुलून दिसण्यासाठी ऊन लागते. ढगाळ वेळी तिथे थोडे थांबण्याची तयारी ठेवावी.

फरशीपुलावरून पाणी वाहत असेल, तर त्याची खोली अजमावण्याच्या भानगडीत न पडता मागे फिरावे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार तरंगू लागते, आणि गढूळ पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हे काठावरून कळत नाही. पुढची गाडी पार झाली, म्हणून आपलीही होईल, हा तर्क पाहुणे हमखास मांडतात. तो शांतपणे नाकारावा. पोलिसांचा क्रमांक ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ११४ हे सर्वांच्या फोनमध्ये असावेत.

वेळ उरल्यास कास्काव्हेल या जुन्या मराठी वस्तीच्या गावातील विठ्ठल-रखुमाईच्या मंदिरात पाहुण्यांना न्यावे. ते कोरड्या पश्चिम पट्ट्यात आहे आणि नातेवाइकांना तिथे धबधब्याइतकाच आनंद होतो. समुद्रस्नान मात्र त्या दिवशी टाळलेले बरे, कारण नद्यांच्या मुखांपाशी चिखल, ओंडके आणि गावातली घाण वाहून आलेली असते. दक्षिणेकडील ग्री-ग्रीला किनारा प्रवाळाच्या बांधाने अडवलेला नसल्यामुळे लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पाहुण्यांना कड्याच्या काठापासून मागेच उभे करावे, आणि अंधार पडण्याआधी परतीच्या मोठ्या रस्त्याला लागावे.