मराठी विकिपीडियावर पहिले संपादन करताना

मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालत आला आहे आणि त्यात भर घालण्यासाठी पदवीची अट नाही. तरीही पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. खाते उघडून आधी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दुवा देणे, विभाग पाडणे आणि संदर्भ जोडणे यांचा हात बसवावा. त्यानंतर आपल्या परिचयाच्या विषयावरील एखाद्या लेखातील शुद्धलेखन सुधारावे.

खरे शिक्षण वाक्य तपासताना होते. समजा, एखाद्या लेखात ‘पुरंदर हा महाराष्ट्रातील सर्वांत देखणा किल्ला आहे’ असे लिहिलेले आढळले. हे मत आहे, माहिती नव्हे. त्याऐवजी ‘पुरंदर किल्ला पुणे जिल्ह्यात असून, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यात १६६५ मध्ये झालेला तह पुरंदरचा तह म्हणून ओळखला जातो’ असे लिहावे आणि वाक्याच्या शेवटी ग्रंथाचे नाव, लेखक व पृष्ठक्रमांक द्यावा. पृष्ठक्रमांक टाळू नये, कारण पडताळणी करणाऱ्याला त्याचाच आधार असतो. ग्रंथातील मजकूर मात्र जसाच्या तसा उतरवू नये. तो प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो.

बदल जतन करण्यापूर्वी त्याचा सारांश एका ओळीत नोंदवावा. कोणी तो बदल उलटवला, तर पुन्हा तोच बदल न करता लेखाच्या चर्चापानावर कारण विचारावे. सर्वसाधारण शंकांसाठी चावडी, म्हणजे विकिपीडियावरील सामाईक चर्चेचे पान, आहेच.